पोत्याच्या काट्यावरची लेकरं

डॉक्टरीणबाईंनी प्रश्न अगदी साधा विचारला होता. पण साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायला माणूस थांबला की घोटाळा होतो, आणि व्यंकटराव सरवदे थांबले.

"दारू किती घेता?"

घेता का, असं नाही विचारलं. किती, असं विचारलं. व्यंकटराव टेबलावरच्या काचेकडे बघत बसले. बाहेर पेशंटची रांग खोकत होती. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "न्हाई घेत." बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि कागदावर दारूच्या रकान्यात एक प्रश्नचिन्ह काढलं. व्यंकटरावांना कागद उलटा दिसत होता, पण प्रश्नचिन्ह उलटं असलं तरी ओळखू येतं.

खरं तर ते आले होते पोट जड वाटतं म्हणून. उजव्या बरगडीखाली काहीतरी रुतून बसल्यासारखं वाटायचं. सोनोग्राफी झाली, रक्त झालं, आणि बाईंनी सांगितलं की लिव्हरवर चरबी साचली आहे, नुसती साचली नाही तर लिव्हर थोडं कडक व्हायला लागलंय. भात कमी, तळलेलं बंद, साखर बंद, रोज तासभर चालायचं आणि दहा किलो वजन उतरवायचं. आत्ता आवरलं तर आवरेल, असंही त्या दोनदा म्हणाल्या. व्यंकटरावांनी यातलं काही म्हणजे काही ऐकलं नाही. त्यांच्या कानात एकच शब्द घुसला होता, लिव्हर.

आता लातुरात पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला लिव्हर म्हटलं की काय कळतं? दारू कळते. व्यंकटरावांच्या गल्लीत दोघंजण लिव्हरनं गेले होते आणि दोघंही आयुष्यभर पीत होते. लोक मयतीला गेले तेव्हाही हळूच म्हणत होते की दारूनं लिव्हरच खाल्लं. लिव्हरचा दुसरा एखादा आजार असतो हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

आणि व्यंकटराव तर विहारातले माणूस. दरवर्षी विजयादशमीला वस्तीतल्या विहारात धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा तेच वाचत. अठरा वर्षं वाचत होते. ते एक ओळ म्हणायचे आणि मागे शंभर-दीडशे माणसं, बायका, लेकरं तीच ओळ म्हणायची. दारू न पिण्याची प्रतिज्ञा आली की ते मुद्दाम आवाज चढवायचे आणि मागच्या रांगेतल्या दोन-तीन जणांकडे रोखून बघायचे. त्या दोन-तीन जणांनी हे अठरा वर्षं मुकाट्यानं सोसलं होतं.

मग डॉक्टरांपुढे जीभ का अडखळली? तर नऊ दिवसांमुळे.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात, गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे जमीन हलली, तेव्हा व्यंकटराव तेवीस वर्षांचे होते आणि रेणापुरात राहत होते. तिसऱ्या दिवशी पोरांचा ट्रक पडलेल्या गावांकडे निघाला, त्यात हे आणि यांचा दोस्त शिवमूर्ती चढले. माणसं काढायला चाललोय, असं घरी सांगून गेले. काढायची म्हणजे काय हे तिथे गेल्यावर कळलं. वरून पाऊस, खाली दगडमातीचा ढीग, आणि वासानं हात पुढे होईना. तेव्हा कुणीतरी बाटली पुढे केली. नाकाला फडकं बांधायचं, दोन घोट पोटात ढकलायचे आणि पुढचा दगड उचलायचा. व्यंकटरावांच्या आठवणीप्रमाणे हे नऊ दिवस चाललं. परत आले आणि दोन आठवड्यांत विजयादशमी आली. विहारात उभं राहून प्रतिज्ञा म्हणताना दारूच्या प्रतिज्ञेला त्यांचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. त्यानंतर थेंबाला शिवले नाहीत, पण हे कुणाला सांगितलंही नाही. बायकोलाही नाही.

तर आता तीस वर्षांनी ते नऊ दिवस लिव्हरवर चढून बसले, असा त्यांनी अर्थ लावला. चरबी, भात, चालणं हे सगळं बाई उगाच बोलल्या, खरं काय ते त्या प्रश्नचिन्हात होतं.

घरी गेले ते थेट कामाला लागले, कारण सकाळच्या पंगतीची वेळ झाली होती. व्यंकटराव आणि त्यांची बायको धुरपताबाई क्लासच्या भागात मेस चालवत. नाव आदर्श मेस. डॉक्टर व्हायला नांदेडहून, माहूरहून, कुठून कुठून आलेली ऐंशी-नव्वद लेकरं तिथे दोन वेळा जेवत. मेसा लातुरात काय कमी आहेत? पण आदर्श मेसचं नाव होतं ते काट्यामुळे.

शिवमूर्ती डाळमिलमध्ये मुकादम होता. मिलनं पोती तोलायचा जुना लोखंडी काटा टाकायला काढला, तो त्यानं व्यंकटरावांकडे आणून ठेवला. लेकरू मेसला लागलं की पहिल्या दिवशी व्यंकटराव त्याला काट्यावर उभं करत आणि वहीत वजन लिहीत. दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा तोलत आणि आईबापांना स्वतः फोन करत, की तुमची पोरगी बेचाळीसची आली होती, आता एकोणपन्नास भरली. फोनवर पलीकडे आईचा आवाज असा काही खुलायचा की व्यंकटरावांना दिवसभर पुरायचा. लेकरू परगावी वाळून जाईल हीच तर प्रत्येक आईची धास्ती असते. वजन वाढावं म्हणून मग व्यंकटराव जीव टाकत. भात हवा तितका, रोज ताटात काहीतरी तळलेलं, अभ्यासाला बसायच्या आधी साखर घातलेलं दूध, रविवारी दुपारी पुऱ्या आणि गुलाबजाम. कुणी नको म्हटलं की ताटावर हात धरायच्या आत वाढून मोकळे. आणि सगळी उठली की पातेल्यात जे उरेल ते स्वतः संपवायचे, कारण अन्न टाकायचं नाही हा त्यांचा नियम होता. सहा पुऱ्या उरल्या तर सहा, दहा उरल्या तर दहा.

त्या दिवशीही त्यांनी उरलेला भात संपवला. वर कडू कारल्याचा रस पिऊन टाकला. प्रायश्चित्त म्हणून.

पुढचे पंधरा दिवस त्यांनी जे केलं त्याला काय म्हणावं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. कावीळ उतरवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून पाल्याचं औषध आणलं, कावीळ झालेली नसताना. विहारात जाऊन समितीला सांगून आले की यंदा प्रतिज्ञा दुसऱ्या कुणीतरी वाचाव्यात, माझा घसा बरा नाही. आणि शिवमूर्तीला गाठून एका बाजूला घेतलं.

"आपण तिकडं किती पेलो रे?"

"कुठं तिकडं?"

"भूकंपात. नऊ दिस पेलो का न्हाई आपण?"

शिवमूर्तीनं कपाळाला आठ्या घातल्या. "नऊ दिस? आपण पाचच दिस होतो तिथं. पाचव्या दिवशी माझ्या पायावर दगड पडला, तूच तर घेऊन आलास मला. आन् तू कवा पेलास? पहिल्या दिवशी घेतलीस आन् भडाभडा ओकलास. मंग नुसतं फडकं बांधून करत होतास. आमीच पेलो."

"न्हाई. मला चांगलं ध्यानात हाय."

"मला बी चांगलं ध्यानात हाय."

तीस वर्षं जे उराशी दाबून ठेवलं ते घडलंच नसेल तर मग पोटात बसलंय ते काय आहे? शिवमूर्ती खोटं बोलत असेल, मन राखायला. किंवा त्यालाच आठवत नसेल, पिणाऱ्याला कुठलं आठवायला. असं स्वतःला समजावून व्यंकटराव परत आले, पण समजूत काही पटली नाही.

विजयादशमीला दुसऱ्याच माणसानं प्रतिज्ञा वाचल्या. व्यंकटराव शेवटच्या रांगेत बसले, नेमके त्या दोन-तीन जणांच्या शेजारी. त्यांनी जरा सरकून जागा दिली, आणि ती अशी काही आपुलकीनं दिली की व्यंकटरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लिव्हरची बातमी वस्तीत पोचली होती. घसा बरा नाही, लिव्हर बरं नाही आणि दारूची प्रतिज्ञा वाचायला माणूस तयार नाही, हे जुळवायला कुणाला डॉक्टर व्हावं लागत नव्हतं.

घरी तर त्याहून वाईट होतं. त्यांची मुलगी बुद्धप्रिया बारावीला होती, तीही डॉक्टरीच्याच परीक्षेची तयारी करत होती. तिनं फाइल उघडून वाचली आणि संध्याकाळी दारात उभी राहून विचारलं.

"पप्पा, तुमी पिता का?"

"कुणी सांगितलं?"

"न्हाई म्हणा की मग."

त्यांना न्हाई म्हणता आलं नाही. हाव म्हणणंही खरं नव्हतं. ते गॅस बारीक करायला आत गेले. त्या दिवसापासून पोरगी त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागली, आणि व्यंकटरावांना लिव्हरपेक्षा ते जास्त दुखलं. एकुलती एक लेक. तिच्या नजरेतून उतरलो तर बरं होऊन तरी काय करायचं, असं त्यांना मनापासून वाटलं.

पुढच्या रविवारी त्यांनी ठरवलं की सांगून टाकायचं. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. दुपारच्या पुऱ्या उरकल्या, लेकरं जड डोळ्यांनी खोल्यांवर गेली. धुरपताबाई फरशीवर बसून उद्याची तूरडाळ निवडत होत्या. बुद्धप्रिया क्लासमधून आली तशी व्यंकटरावांनी तिला बसवून घेतलं आणि सगळं सांगितलं. ट्रक, पाऊस, फडकं, बाटली, नऊ दिवस, ओठांत राहिलेली प्रतिज्ञा. शिवमूर्ती काय म्हणाला तेही सांगितलं, कारण आता लपवायचं नव्हतं.

धुरपताबाईंचा हात डाळीत थांबला होता.

"किती माणसं काढली तुमी?" त्यांनी विचारलं.

"मोजली न्हाईत."

"माणसं मोजली न्हाईत, मंग दारूच कशी मोजून ठेवली?"

धुरपताबाई पुन्हा डाळ निवडू लागल्या, पण त्यांना खडा काही दिसत नव्हता, डोळे भरून आले होते. आपल्याला हे आजवर सांगितलं नाही याचा राग होता की एवढ्या वर्षांची कीव होती, हे त्यांचं त्यांना ठाऊक.

बुद्धप्रियानं पिशवीतून एक चिठ्ठी काढून बापाच्या हातात दिली.

"हे काय?"

"माझं लिव्हर. क्लासमधी तपासणीवाले आले होते, तुमीच नव्हती का सही केली कागदावर? पोटावर यंत्र लावून बघितलं. मला बी चरबी हाय. दुसऱ्या पायरीची."

व्यंकटरावांनी चिठ्ठी जवळ धरली, लांब धरली. पोरीनं आयुष्यात थेंब पाहिला नव्हता. म्हणजे हे रक्तातून उतरलं. बापानं केलं ते लेकीच्या पोटात गेलं, असंच झालं असणार. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

"काय बी काय बोलता पप्पा," बुद्धप्रिया म्हणाली. "तीस वर्षांपूर्वीच्या चार दिवसांनी काय होत न्हाई. ते डॉक्टर सांगत होते, दारू न पिता बी होतंय हे, आता लई लोकांना हाय, लेकरांना बी. साठ जणांना तपासलं आज, एकोणीस निघाले. त्या एकोणिसांचे बाप गेले होते का भूकंपात?"

"मंग कशानं?"

"बसून. आमी चौदा-चौदा तास बसतो. पाकिटातलं खातो, थंड्याच्या बाटल्या पितो. आन् तेल, साखर, भाताचा डोंगर." पुढचं बोलू की नको असं तिला झालं. "त्यांनी प्रत्येकाला विचारलं, जेवता कुठं म्हणून. मी म्हटलं घरी. बाकीच्यांनी बी सांगितलं."

"काय सांगितलं?"

"एकोणीसमधले अकरा आपल्याकडं जेवतात पप्पा. सगळं आपल्यामुळं न्हाई, ते मी बी समजते. पण अकरा हायेत."

व्यंकटराव उठले. काट्याजवळ जाऊन उभे राहिले, मग तिथून स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर उरलेल्या सात पुऱ्या झाकून ठेवलेल्या होत्या. त्यांनी झाकण काढलं आणि पुन्हा ठेवलं. अन्न वाईट असतं का कधी? पोटभर जेवू घालणं हे चुकीचं कसं असेल? आपण कुणाच्या तोंडचं काढून घेतलं नाही, भेसळ केली नाही, हात आखडला नाही. एवढं सगळं चांगलंच केलं, मग अकरा कसे? त्यांना काही म्हणजे काहीच उमजेना. एवढं मात्र कळलं की दारूचं पाप परवडलं असतं. ते त्यांच्या एकट्याचं होतं, त्यांच्या बरोबरच जळून गेलं असतं. त्यांनी ते तीस वर्षं सांभाळलं होतं, अजून वीस वर्षं सांभाळलं असतं. हे तर त्यांनी रोज दोन वेळा हसत हसत वाढलं होतं.

सोमवारपासून मेसमध्ये गडबड उडाली. भात एकदाच, तळलेलं बंद, दुधात साखर नाही, ताटात काकडी आणि दुप्पट भाजी. लेकरं वैतागली. दोघं मेस बदलून गेली. कुणी म्हणालं काकांचं डोकं फिरलं, कुणी म्हणालं काका कंजूस झाले. हे दुसरं त्यांच्या फार जिव्हारी लागलं. उरलेलं अन्न खायचं नाही म्हणून धुरपताबाई मोजून रांधू लागल्या, तरी पातेलं खरवडायला व्यंकटरावांचा हात आपोआप जायचा. पहाटे बापलेक चालायला जाऊ लागले. बोलणं फार होत नसे, पण पोरगी चालताना त्यांच्या बाजूनं चालत होती, पुढे निघून जात नव्हती.

आणि दिवाळी आली. सुट्टीआधी लेकरं सवयीनं काट्यावर चढली, व्यंकटरावांनी सवयीनं वजनं लिहिली. आता फोन करायचे होते.

"औंदा नका करू फोन," धुरपताबाई म्हणाल्या. "काय सांगणार तुमी?"

"ते वाट बघत असत्याल."

पहिलं नाव मनतशाचं होतं. नांदेडची पोरगी, हुशार, शांत, वाढलेलं सगळं मान खाली घालून खाणारी. जून महिन्यात आली तेव्हा पंचेचाळीस, आता चोपन्न. त्या अकरांत तीही होती, हे बुद्धप्रियाकडून त्यांना कळलं होतं. पोरीनं घरी सांगितलंय की नाही ते ठाऊक नव्हतं, आणि ते सांगणं तिचं काम होतं, त्यांचं नव्हतं. त्यांनी नंबर लावला.

"हां भाऊ, बोला," मनतशाची आई वहिदा लगेच बोलली. मोबाइल हातात घेऊनच बसली असावी. "मी तुमच्याच फोनची वाट बघून राहिले होते. काल व्हिडिओवर बघितलं मी पोरीला. चेहरा कसा भरलाय. माझी सासू म्हणते, हिला परगावी ठेवलं की मामाच्या घरी ठेवलं? लई दुआ लागतील भाऊ तुम्हाला. सांगा, किती भरली?"

"चोपन्न."

"माशाल्ला. नऊ किलो."

"ताई," व्यंकटराव म्हणाले. "ते नऊ किलो चांगलं न्हाई झालं."

वहिदाचा आवाज एकदम खाली आला, घाबरलेला.

"म्हणजे? मी समजले नाही भाऊ. पोरीनं काही केलं का? काही चुकलं का तिचं? खरं सांगा मला."

"न्हाई ताई. तिनं काय न्हाई केलं," व्यंकटराव म्हणाले. "म्या केलं."